काळ्या मेंढ्याचा रोल

साक्षी : आजी, परत सांगते. रोल धुणं कधीच बंद झालं. आता इथं पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, आणि मगावर आपलं तोंड छापून मिळतं.

हरणाबाई : मगावर तोंड छापून काय करत्यात?

साक्षी : चहा पितात.

हरणाबाई : सोताच्याच तोंडाला तोंड लावून? ऱ्हाऊ दे बाय. मला एवढी डबी धुऊन दे. सकाळधरनं साताऱ्यात तीन दुकानं फिरले. एक म्हनला, म्युझियमला द्या. दुसऱ्यानं डबीचाच फोटू काढून घेतला. तिसरा नुस्ता हसला. परत जाताना कोरेगावात एस्टीतनं तुमची पाटी दिसली म्हनून उतरले. नातीचं बोट धरून अक्षरं शिकलीया मी. 'भाऊसो फोटो. येथे रोल धुऊन मिळतील.'

साक्षी : ती पाटी वीस वर्षांपूर्वीची आहे.

हरणाबाई : डबी पंचवीस वर्सांची हाय. जमतंय की.

भाऊसो : साक्षे, कोण आलंय गं?

साक्षी : पप्पा, तुमची पाटी वाचून गिऱ्हाईक आलंय. आणि खुर्चीत बसलंय. उठत नाही.

भाऊसो : मावशी, मी भाऊसो. पाटीवरचा. दुकान आता लेक बघती, मी नुसता बसायला येतो. रोलात काय हाय एवढं?

हरणाबाई : मेंढा.

भाऊसो : मेंढा.

हरणाबाई : काळा. आमच्या गावच्या मेंढ्यांच्या प्रदर्शनाला यंदा पंचवीस वर्सं झाली. रविवारी जत्रंत पयल्या वर्साच्या मानकऱ्याचा फ्लेक्स लागनार. माझा दीर गुंडा म्हनतोय, पयला नंबर माझ्या पांढऱ्या मेंढ्याचा. खोटं! नंबर आमच्या काळ्याला मिळालता. माझ्या मालकानं त्याला सोताच्या ताटातली भाकरी चारून वाढीवला. कमिटीचं नानासो म्हनलं, वैनी, उद्यापतूर पुरावा आना, न्हाईतर गुंडाचं नाव छापतो.

भाऊसो : साक्षीदार कुनी न्हाई?

हरणाबाई : चार हुतं. तिघं वारलं. चौथा गुंडाचा व्याही झालाय.

भाऊसो : मग इतकी वर्सं रोल का न्हाई धुतला?

हरणाबाई : कॅमेरा मिलिटरीतल्या लालासाहेबाचा. त्यानं एक दिवस दिला आन डबी काढून आमच्या हातात ठिवली. मालक म्हनायचं, फुडच्या बाजारी धुऊ. मेंढरांमागं फुडचा बाजार कवा गावलाच न्हाई. मग बारा वर्सांमागं मालकच गेलं.

भाऊसो : ठेवला कुठं होता?

हरणाबाई : जुंधळ्याच्या कनगीत, बुडाला. कडूलिंबाचा पाला घालून. आन दरसाल उन्हाळ्यात ऊन दाखवलं.

भाऊसो : कशाला?

हरणाबाई : रोलाला.

साक्षी : पप्पा, पाणी देऊ?

भाऊसो : ऊन दाखवलं. फोटोच्या रोलाला. मावशी, फोटोच्या रोलाला दुनियेत एकच गोष्ट दाखवायची नसती.

हरणाबाई : कीड लागली आस्ती मग! झाकन लावून दाखवलं, डाळीवानी पसरून न्हाई. मी काय खुळी हाय?

साक्षी : झाकण कधीच उघडलं नाही?

हरणाबाई : एकदा. पाला घालाया.

भाऊसो : आतल्या पत्र्याच्या नळीत रोल पुरा गुंडाळलेला हाय का? बघू. व्हय, गुंडाळलेला हाय. म्हंजे आशा हाय. पन कलरचा हाय आन कलरचं पानी आता इथं कुनाकडं नसतं. काळ्या-पांढऱ्याच्या पान्यात काढला तर निघंल कायतरी. रंग येणार न्हाईत.

हरणाबाई : एक मेंढा काळा, एक पांढरा. रंग काय करायचाय?

भाऊसो : तेबी खरं. पन त्या पान्याची पावडर कुठं हाय? आन माझं हात बघा. चहाचा कप धरला तर बशीत चहा येतोय.

साक्षी : पावडर आहे.

भाऊसो : कुठं?

साक्षी : तिजोरीत. दिवाळीत ऑनलाइन मागवली होती.

भाऊसो : कशाला?

साक्षी : कधीतरी शिकवाल म्हणून. तुम्ही प्रत्येक वेळी म्हणालात, फुडच्या आठवड्यात.

हरणाबाई : बाप्ये समदे एकाच बाजारातनं आनल्यात.

भाऊसो : डार्करूममधी तर सिलिंडर हायती. आन गौरीचे मुखवटे.

साक्षी : बाथरूम आहे. खिडकीला सतरंजी लावते. आजी, पाकिटावर नाव काय लिहू? रोल मालकांचा, मालकांचंच सांगा.

हरणाबाई : मालकाचं नाव घेत्यात व्हय? लगीन झाल्यापासनं घेतलं न्हाई, आन आता फोटूच्या दुकानात घिऊ?

साक्षी : मग काय लिहू?

हरणाबाई : लिव, 'गुंडाचा थोरला भाऊ'.

साक्षी : ज्याच्याशी भांडण, त्याचंच नाव?

हरणाबाई : दिराचं घेतलेलं चालतंय.

भाऊसो : चल, साक्षे. आत जा. मी दाराबाहेरनं सांगतो. मावशी, तुमी इथं उभ्या ऱ्हावा. कुनी आलं तरी दार उघडू द्यायचं न्हाई.

हरणाबाई : लांडग्याला वाड्यात येऊ दिलं न्हाई मी. बिनघोर ऱ्हावा.

साक्षी : पप्पा, अंधार आहे. काहीच दिसत नाही.

भाऊसो : दिसलं तर रोल गेला. आतल्या नळीचं टोपण उचक. निघालं? आता फिल्म चाकाच्या खाचंत सरकव. बोटानं वाट चाचप. जोर लावू नकोस.

साक्षी : अडकली.

भाऊसो : वढू नकोस! मागं घे. परत घाल.

साक्षी : परत अडकली. पप्पा, जमत नाही. फाटेल.

भाऊसो : माझं हात असतं तर...

हरणाबाई : आवं, तुमी गप बसा वाईच. पोरी, आडलेली मेंढी कवा सोडवलीस का? न्हाई ना? मग ऐक. वढायचं न्हाई. बोट तितंच ठिवायचं आन तिला सोताहून यायला सवड द्यायची. सवड दे. इस मोज.

साक्षी : ...अठरा, एकोणीस... सरकली. पप्पा, सरकली!

भाऊसो : फिरव आता. हळू. संपली की चाकासकट धुवायच्या डब्यात टाक आन झाकण घट्ट लाव. मावशी, हे मला तीस वर्सांत सुचलं न्हाई.

हरणाबाई : तुमची मेंढी आडली नसंल.

(दोन तासांनी. दुकानाच्या मागच्या दारात, दोरीवर चिमट्यांनी लटकवलेली फिल्म वाळते आहे.)

साक्षी : अर्धी फिल्म काळवंडलीय, पण आलंय! आजी, उजेडाकडं धरून बघा. हात लावू नका. दिसतंय?

हरणाबाई : मेंढा. गळ्यात नंबरची फीत. आन बाजूला फेटा बांधून गुंडा.

भाऊसो : झालं की मग. पुरावा.

हरणाबाई : मेंढा पांढरा हाय.

भाऊसो : मावशी...

हरणाबाई : थांबा. बघू द्या. पांढराच हाय. म्हंजे गुंडा खरं बोलत हुता. पंचवीस वर्सं मी त्याला गावात लबाड म्हनले. त्याच्या पोरीच्या लग्नात जेवले न्हाई. काढा फोटू. माझ्या हातानं नेऊन देते त्याला. चारचौघांत देते.

साक्षी : आजी, ही निगेटिव्ह आहे. हिच्यात सगळं उलटं दिसतं. पांढरं दिसतंय ते काळं असतं.

हरणाबाई : उलटं?

साक्षी : थांबा, कॉम्प्युटरवर सुलटं करते. हे बघा.

हरणाबाई : काळ्या! माझं लेकरू!

भाऊसो : कान बघा कसलं हायती.

हरणाबाई : आन मगाशी गुंडाचं तोंड काळं दिसत हुतं, ते?

साक्षी : ते आता गोरं झालं.

हरणाबाई : तेवढं आदीसारखं ऱ्हाऊ देता यील?

साक्षी : पुराव्यात फेरफार होईल.

हरणाबाई : बरं. मग ऱ्हाऊ दे गोरा.

भाऊसो : पन मावशी, एक इचारतो. मेंढा तुमचा, तर फेटा गुंडाच्या डोक्यावर कसा?

हरणाबाई : मालकानं आपला मानाचा फेटा बांधला त्याच्या डोक्यावर. म्हनलं, मला फोटू काढायचाय, तू वाईच मेंढ्यापशी उभा ऱ्हा. आत्ता आठवलं बगा. म्हंजे तेवढ्या येळात गुंडाला वाटलं, नंबर आपलाच. आन ते डोक्यात बसलं ते बसलंच.

साक्षी : बाकीचे बघू. हा मेंढा. हा मेंढा मागून. ही मेंढ्याची शिंगं. मेंढा. मेंढा. हे तुम्ही, आजी.

हरणाबाई : कुठं?

साक्षी : मेंढ्याच्या मागं पदर दिसतोय.

हरणाबाई : व्हय, माझाच. हिरवं लुगडं हुतं. आन मालक? त्यांचा एक तरी?

भाऊसो : कसा असंल, मावशी? काढत कोन होतं?

हरणाबाई : व्हय की. काढत तेच हुतं.

भाऊसो : खरं सांगू? हा फोटो लावला तर मेंढा तुमचा ठरंल, पन लोक फेटाच बघत्याल. नवीन पोरं म्हनत्याल, हाच मानकरी.

हरणाबाई : पोरी, मेंढ्याचं डोळं मोठं कर. आनखी. बघ. गुंडा दावं वढतोय तिकडं, आन ह्यो बघतोय कुठं?

साक्षी : सरळ कॅमेऱ्याकडं.

हरणाबाई : त्यो मालकाबिगर कुनाकडं बघायचाच न्हाई. छाप ह्योच फोटू. मोठा. फेटाबी ऱ्हाऊ दे, गुंडाबी ऱ्हाऊ दे. खाली नाव घाल फकस्त.

साक्षी : मेंढ्याचं?

हरणाबाई : फोटू काढनाऱ्याचं.

साक्षी : पाकिटावर 'गुंडाचा थोरला भाऊ' लिहिलंय. तसंच घालू?

हरणाबाई : खोड ते.

साक्षी : मग काय लिहू, आजी?

हरणाबाई : आवं भाऊ, तुमी जरा त्वांड तिकडं करा.

भाऊसो : केलं.

हरणाबाई : धुळा. लिव. धुळा.