रशीदचाचाचा भुरका

तुमी हसान, पण चहा कसा प्यावा ते मले आमच्या वणीतल्या ट्रक-मेकॅनिकनं शिकवलं. रशीदचाचानं.

मले तवा नवनवे चहा मागवायचा नाद लागलता. एक मोगऱ्याचा, एक धुरावर वाळवलेला, अन् एक तं चांगला धा वर्सं मुरवलेला. शेवटी बायको वैतागली. तिनं तिन्ही कोरे चहा सारख्याच कपांत ओतले अन् म्हणे, "ओळखून दाखवा. चुकले तं उद्यापासून आपला अद्रकाचाच."

मी मोठ्या ऐटीत, बिलकुल आवाज न करता घोट घेतले. मोगरा सापडला. बाकी दोन्ही चुकलो.

तेवढ्यात चाचा आमची गाडी दुरुस्त करून चावी द्यायले आले. आमची पैज ऐकून "दे बरं इकडं," म्हणे. चहा बशीत ओतला, फुंकला, अन् असा भुरका मारला का शेजारीण खिडकीत आली. मले लाज वाटली.

चाचानं डोळे मिटले. "ह्याले लाकडाचा धूर लागला हाये." मंग दुसरी बशी. "अन् हा बुढा हाये. लय पावसाळे पाह्यले यानं, पण कडू नाही झाला, गोड झाला."

दोन्ही बरोबर!

"चाचा, कसं समजलं?"

"बेटा, तू लाजून पेतं. इंजिन असो का चहा, आवाज केल्याबिगर पोटातलं सांगत नाही."

बायको आतून दोन बशा घेऊन आली, अन् पह्यला भुरका तिचाच होता.