न घेतलेला प्याला

प्रभुभोजनाचा ट्रे पुढे सरकवला, एवढंच ना? प्याला उचलला नाही, शेजारच्याकडे दिला — त्यासाठी घरी येऊन विचारण्यासारखं काय आहे, पाळकसाहेब? बसा ना, त्या खुर्चीत नको, ती हलते. चार महिने झाले म्हणता? झाले असतील. मंडळीत लोक मोजतात वाटतं. चर्चच्या पंचकमिटीशी भांडून रुसलोय असं कुणीतरी सांगितलं असणार तुम्हाला — सांगू दे. नाही नाही, चिडत नाहीये मी. म्हणजे चिडलोय, पण तुमच्यावर नाही. थोडा तुमच्यावरही, खरं सांगतो. दर रविवारी तुमचं एकच — माणूस अपुरा आहे, कृपा फुकट आहे, नुसता हात पुढे करा. अहो, मी पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत इन्स्पेक्टर आहे, पंधरा वर्षं झाली. माझ्याकडे अपुरा माल पास होत नाही.

पोपटचं ऐकलंत ना? आमचा पत्रा कापायच्या प्रेसवरचा पोपट, जालन्याकडचा — आपल्यातला नाही, बौद्ध आहे. दोन बोटं गेली त्याची, उजव्या हाताची. कधी? गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी. प्रेस दुरुस्त होऊन आला होता शुक्रवारी सकाळी. पुढची जाळी बंद केल्याशिवाय मशीन चालता कामा नये — ते दोनदा चालवून बघायचं आणि मग 'ओके'चा टॅग बांधायचा, हे काम माझं. आणि मला घाई. कसली? उपासनेची! बारा वाजता तुम्ही मला बोलायला उभं करणार होतात ना, क्षमेवर — पांढरा शर्ट पिशवीत घालून नेला होता मी. टॅग बांधला आणि वाशीची बस पकडली. मशीन चालवून बघितलंच नाही. फार छान बोललात, असं तुम्हीच म्हणालात नंतर. बायका रडल्या. दुसऱ्या दिवशी जाळी उघडी असताना प्रेस खाली आला.

हळू बोला जरा. सुनीती आत आहे, बायको असून तिला यातलं काही सांगितलेलं नाही मी.

दवाखान्यात गेलो. म्हटलं, हा आता तोंडावर थुंकेल, बरं होईल. तर हा म्हणतो, "साहेब, जाळी मीच काढली होती असं सांगतो मी. नायतर तुमाला घरी बसवतील. मला तर तसंबी आता प्रेसवर कोन घेनार?" मी मागितलं होतं का हे त्याच्याकडे? नव्हतं मागितलं! आता गेटवर बसवलाय त्याला. रोज सकाळी डाव्या हाताने सलाम करतो — हसून. एकदा म्हटलं, बाबा, शिवी तरी घाल. मी प्रार्थना करतो तुझ्यासाठी, म्हटलं. तर म्हणाला, तुमच्या देवाचं तुमी बघा, मला मधी घेऊ नका. तेवढं एक बरं वाटलं, निदान रागावला तरी. पण दुपारी परत आपलं — जेवलात का साहेब?

आणि तुम्ही म्हणता, घ्या. कसं घेऊ? फुकटचं घशाखाली उतरत नाही हो. देवाचं काय जातं क्षमा करायला, इथे पोपटचा हात — हो, माहीत आहे. क्रुसावरच्या खिळ्यांचं मला सांगू नका. त्या शुक्रवारी मीच बोललो होतो त्यावर.

काय? मॅनेजरला खरं सांगू? आता कशाला? इन्क्वायरी मिटली. पोपटने स्वतःच्याच चुकीने झालं असं लिहवून घेतलं, उजव्या हाताला बँडेज, म्हणून डावा अंगठा उठवला. अंगठा असला की खाली साक्षीदार लागतो, नियमच आहे तो. मॅनेजरने विचारलं, कोण करतंय सही. कुणी पुढे होईना.

माझी आहे ती सही.

सुनीती, चहा टाकू नकोस गं. पाळकसाहेब निघाले.