एक चमचा कमी

बसच्या रांगेत माझ्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या.

"ताई, काल आमच्या पोरीनं मैदान मारलं!"

"शंभरपर्यंत म्हणून दाखवलं की काय?"

"ते पोपटासारखं कधीचंच म्हणते गं. पण चार चमचे आण म्हटलं की मूठभर आणायची. म्हणून तूच सांगितलंस ना, तिला ताटं मांडायला लाव, दर ताटाला एक चमचा."

"मग, जमलं?"

"कुठलं! रोज एक कमी. सगळ्यांकडे बोट करून मोजायची आणि स्वतःलाच विसरायची."

"आणि काल?"

"काल छातीवर बोट ठेवलं! 'आजोबा, आजी, बाबा, मी,' असं मोजलं. चार ताटं, चार चमचे. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. पण बाईसाहेब बसेचनात. 'अजून एक कमी आहे,' म्हणे."

"बरोबर तर होतं!"

"मीही गॅसपाशी पोळ्या भाजता भाजता तेच म्हटलं. सासरे म्हणाले, रोज चारच तर असतात. तर हिनं पाचवं ताट ओढत आणलं, त्यात चमचा ठेवला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'आई, तू राहिलीस!'"

"अगं बाई! मग?"

"मग काय! या घरात आल्यापासून पहिल्यांदा गरम जेवले."