मरण्याआधीची पदवी

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या मास्तरांच्या शेजारीच एका कादंबरीकार बाईंची आणि त्यांची मुद्रितं तपासणाऱ्या धाकट्या बहिणीची जुंपली होती.

“ताई, तुझ्या नायकाला पहिल्या पानापासून डॉक्टर कसं म्हणतेस? प्रबंध कुठं मंजूर झालाय त्याचा?”

“होतो की, नव्वदाव्या पानावर.”

“पण ऐंशीव्या पानावर तो मरतो!”

“अगं बाई!”

“दहा पानं जगव त्याला.”

“छे! आधीच फार डोकं खाल्लंय मेल्यानं.”

“मग नुसतं ‘सर’ म्हण.”

मास्तरांना राहवेना. ते उठून उभे राहिले.

“बाई, हात जोडतो. खुशाल मारा त्याला, पण पदवी हातात देऊन मारा. माझ्या प्रबंधाचं हे चौदावं वर्ष आहे.”

बाईंचे डोळे भरून आले.

“बसा, डॉक्टर, बसा.”

“ताई, नुसतं ‘सर’!”