साळवेकाकांना मॅच ऐकवताना

काकू, साळवेकाकांचे सगळे नातेवाईक, विठ्ठलवाडीतले शेजारी आणि त्यांच्या जुन्या ऑफिसातून आलेल्या मंडळींनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. पण मघाशी काकूंनी हात धरला आणि म्हणाल्या, "तू बोल गं. रविवारी तुमचं दोघांचं काय चालायचं, ते ह्या सगळ्यांना कुठे माहितीये?" म्हणून उभी राहिलेय. अडखळले तर सांभाळून घ्या.

माझं नाव रेवती. मी डोंबिवलीत राहते आणि ठाण्यात एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही खेळांचं मोबाईल ॲप बनवतो. त्यात मॅच नुसती ऐकायचीही सोय आहे. ती सोय मी बनवलेली. माझं पहिलं मोठं काम. फार अभिमान होता मला त्याचा.

एक दिवस तक्रारींच्या मेलमध्ये दोन ओळी आल्या. "ॲप चांगलं आहे. ऐकणाऱ्या माणसासाठी मात्र नाही." खाली नाव, दिगंबर साळवे, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. आणि फोन नंबर.

आमचे सर म्हणाले, "फोन करून बघ काय म्हणणं आहे." मी केला. काका म्हणाले, "फोनवर नाही कळायचं तुला. घरी ये. रविवारी मॅच आहे."

तर मी आले. काकांना जन्मापासून दिसत नव्हतं, हे तेव्हा मला दारात कळलं. तुम्हाला ठाऊक आहे, त्यांच्या फोनवर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते फोन बोलून दाखवायचा. काकांनी आमचं ॲप उघडलं आणि बोट फिरवलं. फोन म्हणाला, "बटण. बटण. बटण."

काका म्हणाले, "कुठलं बटण, बाई? लिफ्टचं की शर्टाचं?"

आतून काकू हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते.

मॅच सुरू झाली. आमचं ते ढॅणढॅण संगीत वाजत होतं आणि त्यावर मशीनचा आवाज नुसता स्कोअर वाचत होता. मधेच अख्खी चाळ ओरडली. काका शांत बसून होते. बऱ्याच वेळाने आमचं ॲप म्हणालं, "चौकार."

"कुठे गेला?" काकांनी विचारलं.

मला काय माहीत?

"स्कोअर मला शेजारचा पण सांगतो गं. मला खेळ सांग." आणि मग सहज विचारावं तसं म्हणाले, "हे बनवताना माझ्यासारख्या कुणाला विचारलेलंत का?"

मी म्हटलं, "हो."

"कुणाला? नाव सांग. कर्जतपासून ठाण्यापर्यंत आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो."

मी उगाच ॲपचा आवाज कमी केला.

हे मी आज तुमच्यासमोर सांगतेय, कारण काकांनी ते कधीच कुणाला सांगितलं नाही. मी कुणालाही विचारलं नव्हतं. आमच्या कामाच्या यादीत एक रकाना होता, दृष्टिहीन माणसांकडून तपासून घेतलं का? मुदत संपत आलेली. मी टिक करून टाकलेली. सरांना माहीत नव्हतं, बाजूला बसणाऱ्या मैत्रिणीलाही माहीत नव्हतं. आणि विठ्ठलवाडीतल्या एका माणसाने पहिल्या तासाभरात ते पकडलं.

काका ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "नाही ना विचारलंस? बरं. मग आता विचार. मी बसलोय."

दुसऱ्या दिवशी मी सरांना खरं सांगितलं. सर भयंकर चिडले. "काढूनच टाकू ती ऐकायची भानगड," म्हणाले. मी हात जोडले. एक महिना मागितला. मिळाला.

तो महिना मी काकांकडे शिकायला होते. मैदानावर टेनिस बॉलच्या मॅचेस असायच्या, तिथे मला घेऊन जायचे. "सांग, काय दिसतंय." मी म्हणायचे, "मारला, तिकडे गेला." "तिकडे म्हणजे कुठे? माझ्या डावीकडे का बॅट्समनच्या?" मी परत सांगायचे. ते परत चूक काढायचे. एकदा मी एकसारखी बोलत सुटले, तर म्हणाले, "रेवती, जरा गप्प बस. बॅटचा आवाज ऐकू दे. मधोमध लागला का कडेला, ते मला कळतं."

त्याच आठवड्यात मी ते संगीत काढून टाकलं. मैदानावरचा आवाज वर आणला. प्रत्येक बटणाला नाव दिलं. आधी काय झालं, मग बॉल कुठे गेला, आणि स्कोअर शेवटी. उशीर कमी करायला माझे सहकारी दिवसरात्र झटले.

आणि महिना संपतानाचा तो रविवार! काकू चहा गाळत होत्या. काका आमचं ॲप ऐकत होते, ते एकदम खुर्चीतून उठले आणि ओरडले, "सिक्स! लाँग ऑनवरून!" चाळ गप्प. दोन क्षणांनी सगळ्या टीव्हींवर गलका. शेजारचे दादा दारात धावत आले. ते बघा, तिथे बसलेत. म्हणाले, "काका, तुम्हाला आधी कसं कळलं?"

काका? नुसते हसत होते. दादा, तुम्हाला आठवतंय ना ते हसणं?

ऐकायची सोय वाचली. माझी नोकरीही राहिली. पण मी आभार मानायला उभी आहे ते त्यासाठी नाही. आपलं खोटं पकडणारा माणूस आपल्याला जवळ बसवून घेतो, काम शिकवतो, चहा पाजतो. असं किती जणांच्या नशिबी येतं?

हॉस्पिटलमधून त्यांचा फोन आलेला. आवाज बारीक झालेला. तब्येतीचं विचारू दिलंच नाही. "कबड्डीचं कधी करतेयस? त्यात तर सगळा खेळ दमाचा. ऐकायला केवढी मजा येईल!" मी म्हटलं, "तुम्ही बरे होऊन या, मग करू." तर म्हणाले, "मी असेन, नसेन. शहाडचा माझा मित्र आहे, त्याला विचार. माझ्यापेक्षा खडूस आहे."

ते मित्र आज इथे आलेत. सोमवारपासून ते ठाण्याला आमच्यासोबत बसणार आहेत, कबड्डीसाठी. मघाशी बाहेर भेटले तेव्हाच त्यांनी मला तीन चुका सांगितल्या.

काकू, इतके रविवार तुम्ही मला घरातली मानलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आता आपण सगळे उभे राहू या. एक मिनिट कुणी काही बोलू नका. दूरचे, जवळचे, जे आवाज येतील ते नुसते ऐका.

साळवेकाका, तुम्हाला माझा शेवटचा जयभीम.