पहिला अंधार साहेबांच्या गल्लीत

— काका, काल आमच्या घरची वीज का गेली नाही?

— शहराच्या वीज कंपनीच्या या कंट्रोल रूममध्ये जन्म गेला माझा, पण ही तक्रार आजच ऐकतोय.

— थट्टा नको. अर्धं शहर अंधारात आणि आमच्या गल्लीत झगमगाट!

— अगं, तुझ्या बाबांना, आमच्या साहेबांना, जाऊन महिनाही झाला नाही. नवे साहेब म्हणाले, दुःखातल्या घराला त्रास नको.

— बाबांचा नियम होता. वीज कमी पडली की पहिली लाइन साहेबाच्या घरची बंद करायची.

— मला सांगतेस? तो नियम झाला तेव्हा मी याच टेबलाखाली लपलो होतो! खाजगी मालक जाऊन कारभार नुकताच महापालिकेकडे आलेला, आणि लोक दगड घेऊन दारात. तुझे बाबा बाहेर गेले नि म्हणाले, आजपासून पहिला अंधार माझ्या घरी.

— आणि आम्हाला चष्मे लागले.

— अख्ख्या गल्लीला लागले. अंत्ययात्रेत तुमचे शेजारी जरा जास्तच भराभर चालत होते.

— समोरच्या काकू सांत्वनाला आल्या, आणि जाताना विचारून गेल्या, आता मोठा फ्रिज घ्यायला हरकत नाही ना.

— बघ! घेऊ दे की बिचारीला.

— मग आता पहिली कोणाची जाते? नव्या साहेबांची?

— त्यांचं घर हॉस्पिटलच्या लाइनवर आहे. ती बंद करता येत नाही.

— काय योगायोग!

— कसला योगायोग? घर घेण्याआधी लाइनींचा नकाशा मागवला होता त्यांनी.

— मग कोणाची?

— गिरणीमागच्या वस्तीची. तिथून साहेबांना कोणी फोन करत नाही.

— आज कमी पडणार आहे?

— पडलीच आहे. एक लाइन आत्ता बंद करायचीय.

— आमची करा.

— गल्ली मला फाडून खाईल. नवे साहेब उरलंसुरलं खातील.

— माझं नाव सांगा. मला खाऊ दे.

— वहिनींना विचारलंस?

— आईनेच पाठवलंय. वीज गेली की ती अंधारात बसून बाबांना मोठमोठ्याने शिव्या घालायची. इतकी वर्षं. काल दिवे गेलेच नाहीत, तर नुसती दिव्यांकडे बघत बसली. जेवलीसुद्धा नाही.

— सरक जरा. तुमच्या लाइनचा खटका तुझ्या मागे आहे.

(खट्.)

— हॅलो, आई? गेली का? … काका, हे ऐका.

— अरे बाप रे! साहेबांना एवढं तर युनियननेही कधी ऐकवलं नव्हतं.

— ठेवू फोन?

— नको. बोलू दे वहिनींना.