पलूसची मोटार

तुम्ही हसाल, पण एका जुन्या मोटारीपायी माझी झोप उडाली होती. लढाईमुळे नव्या मोटारी येईनात, तशा जुन्यांच्या किमती चढत चाललेल्या. यांना जुन्या मोटारी जमवण्याची हौस. पलूसला एका म्हातारीच्या गोठ्यात नवरा वारल्यापासून पडून असलेली मोटार दुसराच कुणी नेईल, ही काळजी मात्र मला.

सकाळीच मुलीला घेऊन आम्ही सांगलीहून तिथं पोचलो. मोटारीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. हे वाकून चाकं चाचपू लागले. मीच नाक मुरडून म्हटलं, "हिचे चारशेच्या वर कोण देणार?" दोन हजार सहज येतील, हे आम्ही वाटेभर बोलत आलो होतो.

म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. तुमी सांगशिला त्येच खरं." आणि माझी ओटी भरू लागली. पदरात तांदूळ पडत होते, माझी मान वर होईना.

तेवढ्यात आमची सुमी तिला म्हणाली, "आजी, खरी किंमत मला ठाऊक आहे. सांगू?"